सासूबाई माझ्या वर्गात

माझ्या नवऱ्याला सरप्राइज द्यायची दांडगी हौस आहे. अंदाज मात्र शून्य. एकदा त्याने मला न विचारता माझं नाव पोहण्याच्या क्लासला घातलं होतं, मी बादलीतल्या पाण्यालाही बिचकते हे पुरतं ठाऊक असताना. त्यामुळे सासऱ्यांच्या माघारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे परदेशात राहायला आल्या आणि दिवस दिवस खिडकीत बसून खालच्या ट्राम बघायला लागल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

मी इथल्या एका खासगी भाषाशाळेत इंग्रजी शिकवते. बुटांच्या दुकानावरचा मजला, एका रांगेत वर्ग, आणि मधल्या पॅसेजच्या बाजूला प्रत्येक वर्गाला भिंतीऐवजी काच. काच का, तर शाळेच्या संचालक बाईंना येता-जाता आत बघता यावं म्हणून. त्या पांढरे कापडी बूट घालतात. त्यांचा पाय वाजत नाही, आणि तुम्ही फळ्याकडून वळलात की त्या काचेपलीकडे उभ्याच असतात. शिकायला येणारे सगळे मोठे, कामाधंद्याचे. दिवसभर राबून संध्याकाळी येतात. डोळ्यांवर झोप असते, तोंडात इंग्रजीचा शब्द नसतो, पण येतात बिचारे.

नवं सत्र सुरू झालं त्या संध्याकाळी मी पहिल्या पायरीच्या वर्गात शिरले, हसून 'गुड ईव्हनिंग' म्हणाले, आणि बघते तर पहिल्या रांगेत आई. रोजची सुती साडी, वर माझाच स्वेटर, पायांत नवे कोरे बूट आणि मांडीवर कंपासपेटी. मला बघून त्यांचाही चेहरा पडला. नवऱ्याने त्यांना 'तुझं नाव एका क्लासला घातलंय' एवढंच सांगून दारात सोडलं होतं. शिकवायला मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि शिकायला त्या आहेत हे मला. दोघींना एकदमच सुखद धक्का बसावा, अशी त्याची योजना. धक्का बसला. सुखदचं काय ते मी रात्री त्याला नीट समजावून सांगितलं.

कारण आमच्या शाळेचा एक कडक नियम आहे. कुठल्याही शिक्षकाने आपल्या वर्गात नातेवाईक घ्यायचा नाही. मागे एका मास्तरांनी आपल्या मेव्हण्याला वर्गात बसवलं आणि तो तोंडही न उघडता पहिला आला. तेव्हापासून 'नातेवाईक' हा शब्द काढला तरी संचालक बाईंचं डोकं सटकतं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, म्हणून नाव नोंदवताना कुणाला संशय आला नव्हता. पण पहिल्या पायरीचा तो एकच वर्ग होता. तेव्हा आईंचं नाव तरी काढायचं, नाहीतर नातं तरी लपवायचं.

खरं सांगते, मला नाव काढायचं होतं. ही शाळा म्हणजे माझी हक्काची जागा. इथे मला कुणी आतून हाक मारत नाही, डाळ लागली का विचारत नाही. इथेही समोर सासूबाई म्हणजे फार झालं. घरी जाताना ट्रामच्या स्टॉपवर मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाल्या, "मी उद्यापासून येत नाही गं. तुझी उगीच अडचण."

मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

"फक्त त्या पार्लरवाल्या मुलीला तेवढं सांग," आई पुढे म्हणाल्या. "उद्या माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवते म्हणाली. म्हणजे, मला वाटतं असंच म्हणाली. वाट बघत बसेल बिचारी."

ही पार्लरवाली म्हणजे केस कापायचा धंदा करणारी एक तरुण मुलगी, स्वतःचे केस अर्धे निळे. मधल्या सुट्टीत ती आणि आई कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. दोघींना समान अशी एकही भाषा नाही आणि तरी दोघी खदखदून हसत होत्या. सासरे गेल्यापासून आईंना हसताना मी पाहिलंच नव्हतं. ते आठवलं आणि माझा सगळा कणखरपणा ढेपाळला. मी म्हणाले, "या तुम्ही. पण आई, त्या दारातून आत गेलं की तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही."

आईंनी हे इतक्या चटकन आणि इतक्या आनंदाने मान्य केलं की मला जरासं लागलंच.

मग आमचं नाटक सुरू झालं. आम्ही वेगवेगळ्या ट्रामने जायचो. संचालक बाईंनी एकदा मला विचारलंच, की त्या बाई तुमच्याच देशातल्या दिसतात, ओळख आहे का? मी म्हणाले, देश फार मोठा आहे हो आमचा. आई तर माझ्यापेक्षा पक्क्या निघाल्या. जिन्यात समोर आले तर ओळखीचं हसायच्यासुद्धा नाहीत. एकदा मला वर्गात जोराची शिंक आली तेव्हा त्यांचा हात पर्समधल्या ओव्याच्या पुरचुंडीकडे गेला, पण अर्ध्यावरून त्यांनी तो मागे घेतला आणि पेन्सिल काढली.

अडचण आली ती माझ्या बाजूने. आमच्या शाळेत सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. क्रेन चालवणारा आडदांड गृहस्थ असो की टक्कल पडलेले दातांचे डॉक्टर, सरसकट नावाने. शिवाय शिक्षकाने उभं राहून अंगावर यायचं नाही, विद्यार्थ्याच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसायचं. बसायचं मला काही वाटलं नाही. पण सासूला नावाने हाक? माझी जीभच वळेना. सगळ्यांना नावं घेऊन प्रश्न विचारायचे आणि आईंपाशी आले की मार्कर त्यांच्याकडे करून नुसतं 'यस प्लीज' म्हणायचं, असा माझा उद्योग चालला होता.

काचेपलीकडे हे टिपलं गेलं. संचालक बाईंनी मला खोलीत बोलावून गंभीरपणे विचारलं, की त्या वयस्क बाईंशी तुमचं काही वाकडं आहे का? बाकीच्यांना प्रेमाने नावाने बोलावता आणि त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवता, हे मला मुळीच आवडलेलं नाही. म्हणजे सासूशी तुटक वागते म्हणून मला नोकरीवर बोलणी बसली. सातासमुद्रापार येऊनही ते काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात सासऱ्यांची माफी मागितली, घसा साफ केला आणि आईंना नावाने हाक मारली. आवाज असा निघाला की क्रेनवाल्याने मला पाण्याची बाटली पुढे केली. आई मात्र ताठ झाल्या आणि त्यांनी खणखणीत उत्तर दिलं. रात्री घराच्या जिन्यात मी त्यांना म्हणाले, "आई, आज ते नाइलाजाने. राग मानू नका."

"राग कसला?" त्या म्हणाल्या. "उद्या पण हाक मार. लग्न होऊन आले तशी मी वहिनी झाले, मग काकू झाले, मग आई. घरच्या माणसाच्या तोंडून माझं नाव ऐकून किती वर्षं झाली असतील, मला तर आठवेना."

त्यानंतर मी वर्गात गरज नसतानाही त्यांना हाक मारायला लागले.

आणि आई बोलायला लागल्या. घरात आम्ही बोलत नव्हतो असं नाही. भाजी कुठली करू, गोळी घेतलीत का, बाल्कनीचं दार लावलंत का, हे रोज होतंच. पण वर्गात माझं कामच प्रश्न विचारायचं, आणि विचारल्यावर गप्प राहून उत्तराची वाट बघायचं. शाळेचं धोरणच तसं आहे, की शिक्षकाने कमी बोलायचं. आईंकडे इंग्रजी शब्द थोडे. थोडे शब्द असले की माणसाला आडवळणाने बोलताच येत नाही, जे असेल ते सरळ बाहेर पडतं.

कुटुंबाविषयी बोलायचा धडा होता तेव्हा आई म्हणाल्या की मला एक सून आहे. शिक्षिका आहे. खूप पळते. जेवणसुद्धा उभ्याने जेवते. क्रेनवाल्याने विचारलं, चांगली आहे का? आईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि म्हणाल्या की तिची आमटी वाईट आहे, ती चांगली आहे. सगळा वर्ग हसला. मीही हसले, दुसरं करणार काय? घरी गेल्यावर आमटीचा विषय दोघींनीही काढला नाही, पण मी चिंच जरा कमी घातली.

डॉक्टर आणि पेशंटचं संभाषण होतं त्या दिवशी दातांचे डॉक्टर हौसेने डॉक्टर झाले आणि आई पेशंट. कुठे दुखतं, असं डॉक्टरांनी पुस्तकात बघून विचारलं. पुस्तकात उत्तर होतं गुडघा. आई पुस्तकात न बघता म्हणाल्या की संध्याकाळी दुखतं. माझे मिस्टर संध्याकाळी घरी यायचे, आता दार वाजत नाही. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. बराच वेळ शब्द शोधून ते म्हणाले की माझीही बायको नाही, आणि म्हणून मी या वर्गात येतो, वर्ग संध्याकाळी असतो. पार्लरवालीने उठून आईंच्या खांद्यावर हात ठेवला. मी फळ्याकडे तोंड करून तारीख पुसली आणि तीच तारीख पुन्हा लिहिली. ही गोष्ट आमच्या घरात, आमच्या भाषेत, आई कधी बोलल्या नव्हत्या.

सत्र संपत आलं तसं आईंच्या मनाने घेतलं की पुढची पायरीही करायची. प्रमाणपत्र मिळालं की आपोआप पुढच्या वर्गात प्रवेश, आणि पार्लरवाली, डॉक्टर, क्रेनवाला सगळे पुढे जाणार होते. आईंनी परीक्षेचा अभ्यास असा केला की नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला तर त्याला दटावलं जायचं. पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासला, तेव्हा मी त्यांना एकाही मार्काची मदत केलेली नाही हे इथे मुद्दाम सांगते. त्या चांगल्या मार्कांनी पास झाल्या. आता फक्त प्रमाणपत्राचा कार्यक्रम पार पडायचा होता. तो पडला की पुढच्या पायरीला शिकवायला दाढीवाले मास्तर, म्हणजे लपवाछपवीही संपली.

कार्यक्रमाला घरच्यांनी यायची पद्धत आहे. नवऱ्याला मी बजावून ठेवलं होतं, की तू आईचा मुलगा म्हणून ये, शेवटच्या रांगेत बस, आणि माझ्याकडे चुकूनही बघू नकोस. त्यात काय अवघड आहे, असं तो म्हणाला.

सभागृहातल्या खुर्च्या भरल्या होत्या. संचालक बाई माईकपाशी उभ्या होत्या, आणि आपापल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रं द्यायची ती आम्ही शिक्षकांनी. आईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी लग्नकार्याला नेसायची जांभळी पैठणी काढली होती, केसांना पार्लरवालीने काहीतरी सुरेख केलं होतं. त्या सावकाश समोर आल्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले, आणि त्यानंतर जे झालं ते माझ्या डोक्याला न विचारता झालं. घरात काही चांगलं घडलं आणि आई पैठणी नेसून समोर उभ्या असल्या की मी काय करते? तेच केलं. मी वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला.

तरीही निभावलं असतं. आमच्याकडे विद्यार्थ्यांना असाच मान देतात, अशी काहीतरी थाप मी मारली असती. पण आईंचाही हात आपोआप माझ्या डोक्यावर आला होता, आणि सवयीने त्यांनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे हाक दिली, "अरे, तू काय बसलायस? या, जोडीने करा नमस्कार."

आणि आईंचे चिरंजीव, म्हणजे माझे यजमान, निमूटपणे उठले, सगळ्या सभागृहातून चालत आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि वाकले. आईंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून सुखाने राहा म्हटलं. मग भानावर आल्या.

नवरा हळूच म्हणाला, "आता काय करायचं?" मी त्याला काय उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. पुढचा नंबर क्रेनवाल्याचा होता. त्याला वाटलं की प्रमाणपत्र घ्यायची हीच रीत असावी, तेव्हा त्याने आपला सगळा देह खाली वाकवून आधी माझ्या आणि मग आईंच्या पायांना हात लावला. त्याच्यामागून पार्लरवालीने. डॉक्टर वाकले ते लवकर सरळच होईनात, त्यांना नवऱ्याने उभं केलं. लोक टाळ्या वाजवत होते. संचालक बाई वाजवत नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. मी सगळं आपल्या अंगावर घ्यायच्या तयारीने गेले होते. पण त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि सांगितलं की सुनेच्या वर्गात बसून मिळवलेलं प्रमाणपत्र मी मानत नाही. मग त्यांनी आईंच्या हातून तो कागद घेतला आणि टेबलावर आपल्यापुढे ठेवला. आईंची नजर त्या कागदावरून हलेना. पुढच्या वर्गातली ती खुर्ची, पार्लरवालीच्या शेजारची, त्या कागदावर अवलंबून होती.

संचालक बाई म्हणाल्या की आता मी विचारते, सुनेने मधे एक शब्द बोलायचा नाही. मग त्यांनी आईंना इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. तुम्ही हे का लपवलंत?

हे कुठल्याही धड्यात नव्हतं. आईंनी पदर सारखा केला, एकेक शब्द शोधत उत्तर दिलं, आणि ते मी मराठीत जसंच्या तसं सांगते. "घरी ती सून. घरी ती पळते, मी गप्प. इथे ती माझ्याशेजारी बसते. ती विचारते आणि थांबते. मी बोलते, ती ऐकते. म्हणून मला ही शाळा पाहिजे."

संचालक बाईंनी आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघणं मला शक्य नव्हतं. बोलण्यात चुका असतील, पण त्या उत्तरात खोटं एक अक्षर नव्हतं आणि मला ते झोंबलं. संचालक बाईंनी पेन काढलं, प्रमाणपत्रावरच्या माझ्या सहीखाली आपली सही केली आणि तो कागद दोन्ही हातांनी आईंना परत दिला. पुढची पायरी दाढीवाल्या मास्तरांकडे, उशिरा यायचं नाही, एवढं बजावलं. मला त्यांनी नियम पुन्हा एकदा वाचून यायला सांगितलं. त्यावर भागलं.

नवं सत्र सुरू झालं. आता आम्ही एकाच ट्रामने जातो. मी माझ्या वर्गात शिरते, आई पॅसेजमधून पुढे जातात. पहिल्या दिवशी मी काही कारण काढून त्यांच्या वर्गावरून गेले. काचेपलीकडे दाढीवाले मास्तर आईंच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले होते, आई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, आणि तो लांबोडका माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला सरळ सरळ मत्सर वाटला. माझ्या सासूच्या गोष्टी, आणि ऐकणार हा?

मी ठरवलं, पुरे झालं. माझा वर्ग नसलेल्या पहिल्याच संध्याकाळी मी वेळेवर घरी आले. नवऱ्याला सांगितलं, आज स्वयंपाक तू कर, जमेल तसा कर, जळला तर जळलेला खाऊ. आई जेवणाच्या टेबलापाशी चष्मा लावून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"आई, आज मला काही काम नाही," मी म्हणाले. "कसा गेला दिवस? सगळं सांगा."

आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. पण हातातलं पेन त्यांनी काही खाली ठेवलं नाही.

"आत्ता थांब जरा," त्या म्हणाल्या. "मास्तरांचा गृहपाठ राहिलाय, उद्या दाखवायचाय. पण तू उठू नकोस हं. बस इथेच. हे झालं की मला खूप सांगायचंय तुला."

स्वयंपाकघरातून फोडणी करपल्याचा वास यायला लागला होता. मी उठले नाही. आई लिहीत होत्या, मधेच खोडत होत्या, आणि मी शेजारी बसून माझी पाळी यायची वाट बघत होते.